थंडी म्हटलं की बंडी: यमकांची चित्रपुस्तकं मुलांसोबत वाचताना

या चार ओळी कुठल्या पुस्तकातल्या नाहीत, या लेखापुरत्या जुळवल्या आहेत.

भेंडीला या वाजे थंडी,
आईने मग शिवली बंडी.
मिरची म्हणते, "मलापण हवी,
बटणांवाली, हिरवीच नवी!"

समजा, या चार ओळींची चार पानं आहेत. पहिल्या पानावर कुडकुडणारी भेंडी आहे. पान उलटायच्या आधी तुम्ही म्हणता, "आईने मग शिवली…" आणि थांबता. मांडीवरचं तीन वर्षांचं पोर ठामपणे सांगतं, "हंडी!" तुम्ही पान उलटता. भेंडीच्या अंगात लाल बंडी. पोर खदखदून हसतं आणि "बंडी, बंडी" करत सुटतं.

दोन क्षणांत इथे बरंच घडलं. थंडीशी जुळणारा शब्द पोराने कानाच्या जोरावर शोधला, म्हणजे कान चोख होता. हंडी कुणी शिवत नाही, ही गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. चित्राने ती शंका मिटवली. आवाजावरून अंदाज करायचा, अर्थाशी ताडून पाहायचा, डोळ्यांनी खात्री करायची: पुढे अक्षरं आल्यावर मूल वाचताना हेच करणार असतं. म्हणून यमकाचं चित्रपुस्तक वाचून दाखवताना मोठ्यांनी एवढं एकच सांभाळायचं असतं. अंदाज करायची संधी मुलाकडे राहिली पाहिजे. पुस्तक कसं निवडायचं, कुठे थांबायचं, काय बोलायचं नाही, हे सगळं त्यातूनच निघतं.

यमक ओळखणारा कान आणि पुढचं वाचन यांचा संबंध संशोधकांनीही तपासला आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना काही शब्द ऐकवून, त्यातला कोणता इतरांसारखा वाजत नाही, हे विचारलं. काही वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचा कान तेव्हा तयार होता ती मुलं वाचनात आणि शब्द बरोबर लिहिण्यात पुढे होती. हा अभ्यास १९८३ साली 'नेचर'मध्ये छापून आला. पण तो इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा होता. इंग्रजीत लिहिणं आणि बोलणं यांचं किती पटतं ते आपण जाणतोच. देवनागरीत तेवढा घोळ नाही. तेव्हा रोज यमकं ऐकवली की पोर पहिलीत पहिलं येईल, असा हिशेब मांडू नका. 'थंडी'तला 'थं' काढून 'बं' बसवला की नवा शब्द होतो, हे बाराखडीच्या आधीच कानाला कळलं, तर पाटीवरची अक्षरं परकी वाटत नाहीत, इतकंच.

आता पुस्तक निवडण्याविषयी. दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक हातात घेतलं की उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचा. लाज वाटत असेल तर पुटपुटा, पण ओठ हलू देत. नुसत्या डोळ्यांनी वाचून ठेका कळत नाही. वरच्या ओळी टाळी वाजवत म्हणून पाहा: भेंडी, लाया, वाजे, थंडी. चार टाळ्या, प्रत्येकीत चार मात्रा. दुसरी ओळही तशीच: आई, नेमग, शिवली, बंडी. आठ-आठ मात्रांची ही चाल म्हणजे आपलं जुनं पादाकुलक, आणि मराठी बालकवितेतल्या कितीतरी ओळी याच चालीवर चालतात. वृत्ताचं नाव माहीत असायची गरज नाही. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळली, एखादा शब्द कोंबावा लागला किंवा ओढून लांबवावा लागला, तर पुस्तक परत ठेवा. तुम्ही जिथे अडखळता तिथे पोराचा अंदाजही कोलमडतो.

दुसरी पारख यमकाची. मराठीत यमक जुळवणं फसवं सोपं आहे. आली, गेली, बसली, झोपली: क्रियापदांचे शेवट आयतेच सारखे, त्यामुळे कवी म्हणून मिरवणं स्वस्त. पण "मनी दारात आली, आणि मग…" असं म्हणून थांबलात, तर पोराने काय ओळखायचं? पळाली, रुसली, भिजली, काहीही चालेल. कानाला धरायला काहीच नाही. भेंडी, थंडी, बंडी अशा नामांच्या यमकात शोधायची जागा आटोपशीर असते, म्हणून शोध लागतो. पुस्तक चाळताना ओळींचे शेवटचे शब्द तेवढे पाहत जा. सगळीकडे 'ला', 'ली', 'ले' दिसले, तर त्या पुस्तकाला घाई नाही.

आणखी एक खोड म्हणजे यमकापायी वाक्याची मोडतोड. "गेला बाजारी अमुचा राजू, घेऊनि आला तयांस काजू." अमुचा, घेऊनि, तयांस हे आज कुठल्या घरात बोलतात? जुन्या चांगल्या कवितांत असे शब्द येतात आणि तिथे ते शोभतात. मुलांना अनोळखी शब्दाचं वावडं मुळीच नसतं, उलट गंमत वाटते. राग आहे तो आजच्या पुस्तकात केवळ मात्रा भरायला बसवलेल्या शब्दांवर.

चित्रांकडे पाहताना एकच प्रश्न विचारा: यमकाचा शब्द चित्र आधीच सांगून टाकतं का? थंडी आणि बंडी समोरासमोरच्या पानांवर असतील, तर ओळखायला उरतं काय? चांगला चित्रकार उत्तर पानाआड ठेवतो किंवा नुसती चाहूल देतो. कोपऱ्यात सुईदोरा दाखवतो, लाल कापडाचा तुकडा दाखवतो. अपवाद वर्षा-दीड वर्षाच्या बाळांचा. त्यांना शब्द आणि वस्तू एकदमच समोर हवी, आणि पानंही जाड पुठ्ठ्याची हवीत, कारण ती आधी चाखली जातात.

मराठीत अडचण अशी की अख्खं पुस्तकभर एकच कविता चालते आणि पानापानाला चित्र पुढे सरकतं, अशी पुस्तकं कमी. बालकवितांचे संग्रह जास्त. विंदा करंदीकरांचे 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झालं' १९६१ साली आले, 'सशाचे कान' आणि 'एटू लोकांचा देश' १९६३ साली. साठ वर्षं होऊन गेली तरी ती पुस्तकं घराघरांत वाचली जातात. मंगेश पाडगावकर, शांता शेळके, सरिता पदकी यांच्याही बालकविता मोठ्याने म्हणण्यासाठीच आहेत. पण संग्रह हा चित्रपुस्तकासारखा सलग वाचायचा नसतो. एका बैठकीला एकच कविता घ्या आणि आठवडाभर तीच राहू द्या. पाच कविता एकापाठोपाठ ऐकवल्या की सगळी यमकं एकमेकांत मिसळतात आणि पोर चुळबुळ करायला लागतं. चित्र एकच असेल, तर कवितेतली जी गोष्ट चित्रकाराने काढलेली नाही ती मुलाला खडूने काढायला सांगा. अंदाजाचं काम तिथेही होतं.

अनुवादित पुस्तकं घेताना जरा जास्त सावध राहा. अनुवादात चित्र तेच राहतं, शब्द बदलतात. डॉ. स्यूस यांच्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये इंग्रजीत मांजर आणि टोपी यांचं यमक आपोआप जुळतं. मराठीत मांजर कुठे आणि टोपी कुठे! चित्रात मात्र ती टोपी हटत नाही, मग बिचारा अनुवादक बाकीच्या शब्दांची कसरत करत बसतो. जूलिया डोनाल्डसन यांच्या 'ग्रफेलो'ची (१९९९) गंमत याच्या उलट आहे. मूळ लोककथेत वाघ होता; त्याच्याशी यमकं जुळेनात म्हणून त्यांनी एक नवाच प्राणी आणि त्याचं नाव तयार केलं. मूळ लेखिकेला जी मोकळीक असते ती अनुवादकाला नसते. म्हणून यमकांचं पुस्तक शक्यतो मुळात मराठीत लिहिलेलं घ्यावं, असं माझं मत आहे. गद्य गोष्टींना ही अट नाही. पैसे खर्चायच्या आधी पाहायचं असेल, तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचायला मिळतात. तिथेही ओठ हलवूनच पारख करा.

पुस्तक घरी आलं. पहिल्यांदा वाचताना कुठेही थांबू नका. सबंध पुस्तक एका दमात, ठेक्यात, पण बोलण्याच्या जवळ राहून वाचा. बऱ्याच घरांत लगेच चाल लावून गायलं जातं. चाल गोड असते, पण एकदा ती लागली की मध्ये थांबता येत नाही, सूर पुढे ओढत नेतो. पाढे म्हटल्यासारखं एकसुरी वाचणंही तितकंच वाईट. भेंडी कुडकुडत असेल तर तुमचा आवाज जरा थरथरू दे, मिरची हट्टी आहे तर "मलापण" ठसक्यात येऊ दे. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' स्पष्ट उच्चारा. 'चाक'मधला च वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. लिपीत तो फरक दिसत नाही, मूल तो तुमच्या तोंडूनच शिकणार आहे.

थांबायचं दुसऱ्या वाचनापासून. यमकाच्या दुसऱ्या शब्दाआधी थांबा, पहिल्याआधी नव्हे. 'थंडी' तुम्ही द्यायची, 'बंडी' पोराने. किती थांबायचं? तुम्हाला अवघड वाटायला लागेल त्याहून थोडं जास्त. आपण मोठी माणसं शांतता भरून काढायला फार उतावीळ असतो. मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. ते चित्रावर फिरत असतील किंवा ओठ हलत असतील, तर काम चालू आहे. ते तुमच्याकडे बघायला लागलं की शब्दाचं पहिलं अक्षर पुटपुटा, "बं…" तरीही नाही आलं तर सहज सांगून पुढे जा. प्रत्येक यमकापाशी थांबायचं नसतं. पुस्तकभरात दोन-तीन जागा पुरतात, नाहीतर गोष्टीचा ठेकाच मोडतो.

चुकीचं उत्तर आलं तर ते आधी मिरवू द्या. "हंडी! भेंडीने हंडी घातली? डोक्यात का?" मग पान उलटा. "चूक, नीट आठव" म्हणालात की पुढच्या वेळी पोर अंदाज करणार नाही, तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

अर्थ सांगत बसू नका. बंडी हल्ली घरोघर दिसत नाही, पोराला ती माहीत नसणारच. चित्रातल्या बंडीवर बोट ठेवलं की झालं. आणि परीक्षा तर मुळीच नको. आपल्याकडे चार ओळी वाचून होत नाहीत तोच सुरू होतं: भेंडीचा रंग कोणता? बटणं किती? भेंडीला इंग्रजीत काय म्हणतात, सांग बघू, लेडीज… लेडीज फिं… आणि संध्याकाळी पाहुणे आले की "काकांना म्हणून दाखव." मांडीवर बसून ऐकलेली कविता दिवाणखान्यात उभं राहून म्हणायला लागली की तिची मजा गेली. बोलायचंच असेल तर मुलाच्या प्रश्नामागून जा. "मिरचीची आई कुठे आहे?" असं त्याने विचारलं, तर पुस्तक पाच मिनिटं बंद राहिलं तरी हरकत नाही.

तेच पुस्तक रोज? हो, रोज. मोठ्यांना कंटाळा येतो तेव्हा मुलाची खरी मजा सुरू झालेली असते, कारण आता अंदाज पक्के होतात. कंटाळा घालवायला एक युक्ती करा. एखाद्या रात्री गंभीर चेहऱ्याने वाचा, "आईने मग शिवली चड्डी." पोर ताडकन उठून बसेल. "चड्डी नाही, बंडी!" ही दुरुस्ती करताना त्याने ओळ, यमक आणि चित्र तिन्ही पारखलेली असतात. 'चड्डी' जवळची वाटते पण नीट जुळत नाही, हेही चार वर्षांच्या कानाला कळतं. तिथे तो अनुस्वार नाही.

वयाचं थोडक्यात. जन्मलेल्या बाळालाही ठेका ओळखू येतो. १९८६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांनी रोज पोटातल्या बाळाला एक ठरावीक मजकूर वाचून दाखवला होता. त्यांतल्या काहींच्या वाट्याला 'द कॅट इन द हॅट' आलं होतं. जन्मानंतर बाळांचा कल त्याच ओळखीच्या मजकुराकडे दिसला, वाचणारी बाई दुसरी असली तरीही. तेव्हा सहा महिन्यांच्या बाळासमोर वाचताना वेड्यासारखं वाटून घेऊ नका. दीड-दोन वर्षांचं मूल शेवटचा शब्द तुमच्याबरोबर म्हणेल, तिसऱ्या वर्षी तुमच्या आधी. चार-पाचला ते स्वतःची यमकं करायला लागतं, त्यांतली निम्मी निरर्थक आणि काही अगदी चारचौघांत सांगण्याजोगी नसतात. निरर्थक असली तरी टोकू नका; भेंडी, टेंडी, झेंडी हा व्यायामच आहे.

अंगणवाडीत किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर दहा-पंधरा मुलं असतील, तर पुस्तक छातीजवळ, पानं मुलांकडे करून एका बाजूला धरावं लागतं. म्हणजे मजकूर तुम्हाला नीट दिसत नाही. यमकांच्या पुस्तकाची सोय इथे कळते: ते दोनदा वाचलं की पाठ होतं. गटात एक चलाख पोर सगळी उत्तरं देऊन मोकळं होतं. त्याला पान उलटायचं काम द्या, हात गुंतले की तोंड थोडं थांबतं.

घरात वाचणारा माणूस आई किंवा बाबाच असला पाहिजे असं नाही. आजी वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलत असेल, तर ओळी पुस्तकातल्या राहू देत, चित्रांवरच्या गप्पा तिच्या बोलीत होऊ देत. वाचता न येणारी आजीसुद्धा चित्रं बघत स्वतःच्या ओव्या नि बडबडगीतं जोडत जाते, आणि त्यांत यमकांचा साठा आपल्याहून मोठा असतो. नातवंडं परदेशात असतील, तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक सांगलीला आणि एक न्यू जर्सीला. व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकदम म्हणायला गेलं की आवाज मागेपुढे होतो आणि विचका होतो. थांबण्याची पद्धत मात्र तिथे छान चालते: आजोबांनी ओळ अर्धी सोडायची, नातीने ती तिकडे पुरी करून पान उलटायचं. अमेरिकेत मराठी मंडळांच्या शाळांत जाणाऱ्या मुलांना मराठी कानावर पडण्याचे तास मोजकेच मिळतात. त्यांना लांबलचक गोष्टीपेक्षा अशी आठ-दहा यमकं लवकर पचतात.

मोबाइलवरची गाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. जेवण उरकायचं असतं, बस लांबची असते. पण त्या गाण्यात भेंडी स्वतःच नाचते, बंडी स्वतःच येते आणि गाणं कुणासाठी थांबत नाही. तिथे पोराला ओळखायला काही उरत नाही. पुस्तकाची जागा त्याने भरत नाही, एवढं ध्यानात असलं की पुरे.

पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल किंवा घेतलेली संपली असतील, तर घरी करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांतल्या बालवाड्यांसाठी हाताशी असलेल्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. आपल्याला तर जुन्या कॅलेंडरची कोरी पाठही मिळते. चार पानं दुमडा, मध्ये दोऱ्याने टाके घाला. विषय घरातलाच घ्या: हरवलेला मोजा, शिट्टी न होणारा कुकर. आधी यमकाची जोडी ठरवा आणि ओळ तिच्याकडे न्या. उलट गेलात तर "तयांस" येतं. जोडीतला दुसरा शब्द चित्रात काढता येईल असाच निवडा आणि तो पानामागे ठेवा. चित्र मुलाने काढलं तर उत्तम. भेंडी मगरीसारखी दिसली तरी चालते. मुलाच्या नावाशी यमक जुळवायचा मोह सगळ्यांना होतो. करा, पण चिडवायला उपयोगी पडेल असं नको. शाळेत ते वर्षानुवर्षं चिकटतं.

साडेचार-पाचच्या सुमाराला एक तक्रार हमखास ऐकू येते: "वाचत कुठे आहे, पाठ आहे त्याला. पुस्तक उलटं धरलं तरी म्हणेल." पाठ आहे म्हणूनच आता कामाला सुरुवात करता येते. म्हणताना शब्दाखाली बोट सरकवायला सांगा. बोट 'शिवली'वर आणि तोंडात 'बंडी', असं झालं की मूल स्वतःच थबकतं आणि मागे जातं. मग 'थंडी' आणि 'बंडी' हे दोन शब्द कागदाच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून एकाखाली एक ठेवा आणि काय सारखं दिसतं ते त्यालाच शोधू द्या. कानाने ऐकलेलं 'डी' डोळ्यांना सापडतं. 'द कॅट इन द हॅट' १९५७ साली लिहिलं गेलं तेच नवशिक्या वाचकांसाठी. अख्ख्या पुस्तकात २३६ वेगवेगळे शब्द आहेत आणि यमकांच्या आधारावर मुलं ते पेलतात.

म्हणून जून महिन्यात, पोर पहिलीत गेलं की "आता ही बाळपणाची पुस्तकं कशाला" म्हणून ती रद्दीत घालू नका किंवा धाकट्या भावंडाच्या कपाटात हलवू नका. खालच्या फळीवर, हात पोचेल अशी ठेवा. तुम्ही दोन वर्षं वाचून दाखवलेलं तेच पुस्तक बहुतेकदा ते पहिल्यांदा आपलं आपण वाचतं, आणि त्या वेळी यमकाआधी थांबून तुमच्याकडे बघतं. शब्द आता तुम्ही सांगायचा.